गोल तोरण

भागाबाईंचा नवरा शिवणाच्या मशीनची वादी, म्हणजे चाकावरचा चामडी पट्टा, आणायला जळगावला गेला, तो परत आला नाही. वादी मात्र आली. चार दिवस वाट पाहून त्यांच्या धाकट्या दिरानं, निंबानं, ती चोपड्याच्याच बाजारातून आणून दिली. म्हणजे वादी चोपड्यात मिळत होती. मग हिलाल जळगावला कशाला गेला, हे कोडं आमच्या गल्लीनं पुढे बारा वर्षं चघळलं, आणि ते काही सुटलं नाही.

हिलाल जिनिंग फॅक्टरीत कामाला होता. दारू नाही, पत्ते नाहीत, घरात भांडण नाही. एखादं कारण असतं तर लोकांनी त्याला केव्हाच माफ केलं असतं. कारणच नव्हतं म्हणून राग जास्त. कोणी त्याला सुरतेच्या गिरणीबाहेर पाहिला, कोणी नंदुरबारच्या स्टेशनावर चहा पिताना, कोणी ओंकारेश्वरला भगव्या कपड्यांत. हे तिन्ही एकाच आठवड्यात. भागाबाई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि प्रत्येकाला एकच विचारायच्या, "हातात वादी होती का?" मग सांगणारा उठून चपला घालायचा.

मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा हिलाल जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. माझं माहेर जळगाव शहरातलं, त्यामुळे मला सगळं येतं असा माझा समज होता. सासूबाईंचा तसा नव्हता. त्यांनी मला भागाबाईंकडे मशीनवरचं भरतकाम शिकायला पाठवलं. पहिल्या दिवशी मी सहज विचारलं, "अक्का, यजमान कुठं असतात?"

"वादी आणायला गेलेत," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात रिंग दिली.

खानेसुमारीच्या मास्तरलाही त्यांनी हेच सांगितलं होतं म्हणे. त्या बिचाऱ्यानं 'बाहेरगावी' लिहिलं आणि पाणी पिऊन गेला.

भागाबाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, आणि समोर पायाची मशीन. मशीनचा कापड धरणारा दाब काढून टाकलेला, कापड पुढे सरकवणारे दात खाली पाडलेले, लाकडी रिंगमध्ये ताणून बसवलेलं कापड. खाली पाय चालायचे आणि वर दोन्ही हातांनी रिंग फिरायची. रिंग फिरेल तसं फूल उमटायचं. चोपड्यातल्या कुठल्याही लग्नात जाऊन रुखवत बघा, निम्मं भागाबाईंचं असायचं. राघूच्या जोडीचे उशांचे अभ्रे, मोराचा टेबलक्लॉथ, रेडिओचं कव्हर, पुढे टीव्हीचं कव्हर. पोरगी दहावी झालेली असली तर 'गुड नाइट', नसली तर नुसतीच गुलाबाची फुलं. स्वभाव विचाराल तर तिखट. दोऱ्याचा वीतभर तुकडा वाया गेला तर त्या आमच्या माहेरापर्यंत पोचायच्या. पण कोणाची पोर बिनरुखवताची बोहल्यावर चढली नाही, हेही खरं.

राहता राहिलं त्यांचं कुंकू. त्यांना हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, यावर दर संक्रांतीला गल्लीत चर्चा व्हायची. चर्चा चालू असताना त्या येऊन बसलेल्या असायच्या.

बारावं वर्ष लागलं तेव्हा मात्र चर्चेनं भागेना. आपल्यात बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, दहावं-तेरावं उरकतात. बाईचं कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात. मग तो माणूस रीतसर मेला असं सगळे धरून चालतात, आणि जिवंत असला तरी त्यानं परत येऊन घोळ घालू नये अशी अपेक्षा असते. निंबाला हे करायचं होतं. वाईट माणूस नव्हता तो. त्याची पोरगी सिंधू, तिची सोयरीक शिरपूरकडे ठरत होती, आणि तिकडच्या व्याह्यांनी, आबांनी, बोलणीत स्पष्ट विचारलं होतं, की तुमचा थोरला भाऊ आहे म्हणायचा की नाही? घरात असं अर्धवट लोंबकळत ठेवून मांडव घालू नका. एकदा काय तो निकाल लावा. सिंधूवर भागाबाईंचा जीव. स्वतःला मूलबाळ नाही, तिलाच मांडीवर घेऊन मशीन चालवलेली. तेव्हा पेच असा होता, की एकीकडे पोरीचं लग्न आणि दुसरीकडे बाईचं कुंकू.

भागाबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हातातलं काम होऊ द्या."

हातातलं काम धुळ्याहून आलं होतं. तिथले कापडाचे व्यापारी मोतीलालशेठ एस.टी.च्या टपावर गाठोडी टाकून चैत्रातल्या उन्हात आले. पांढरे टेबलक्लॉथ, अभ्रे, हात पुसायचे रुमाल, सगळं कोरं. सोबत भरलेला एक नमुना. माल मुंबईला जाणार, तिथून जहाजानं परदेशात. तिकडे डिसेंबरात नाताळ असतो, त्यासाठी. नाताळाची तयारी चोपड्यात चैत्रात करायची हे आम्हाला जरा चमत्कारिक वाटलं, पण जहाज सावकाश जातं असं शेठ म्हणाले.

त्या नमुन्याभोवती आम्ही चौघी बसलो. भागाबाई, मी, समोरच्या ताईबाई आणि कोपऱ्यावरच्या इंदिराबाई. टेबलक्लॉथवर हिरव्या पानांचं एक गोल कडं होतं. पानांच्या कडांना काटे, मधून मधून लाल मणी, खाली लाल फितीची गाठ. अभ्र्यांवर त्याच पानांची चौकोनी चौकट. कड्याच्या आत काही नाही. चौकटीच्या आतही काही नाही.

ताईबाई म्हणजे आमच्या गल्लीचं धर्मशास्त्र. त्यांनी नमुना उलटा करून पाहिला. "हाई काय शे वो माय?"

"तोरण आहे," शेठ म्हणाले. "ते लोक सणाला दाराला लावतात."

"तोरन कधी गोल ऱ्हास का?"

"त्यांच्याकडे ऱ्हास."

"आनि हाई पानं ते काटेरिंगनीनी शेतस. आनि ह्या गुंजा. दारले काटेरिंगनी कोन लावस?"

शेठ म्हणाले, की तिकडे बर्फ पडतो, थंडीत दुसरं काही उगवत नाही. यावर ताईबाईंना त्या लोकांची दया आली आणि पानांचा मुद्दा त्यांनी सोडून दिला. पण मधल्या जागेचा सोडला नाही. "मधमा काहीच नही. हार शे आनि फोटूच नही. असा हार ते मयतना फोटूले घालतस."

भागाबाई इतका वेळ सुईत दोरा ओवत होत्या. त्या म्हणाल्या, "ज्यानं काम दिधं, त्यानी सांगं तसंच करानं." मोतीलालशेठ खूश होऊन धुळ्याच्या गाडीत बसले. मधे काय असतं हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मग महिनाभर गल्लीत काटेरिंगणीचं पीक आलं. भागाबाईंनी नमुन्यावरून बटर पेपरवर कडं उतरवून घेतलं, त्याच्या रेघेवर सुईनं भोकं पाडली, आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्यानं ते कापडाकापडावर छापलं. पानं त्या स्वतः भरायच्या. गुंजा माझ्याकडे, फितीची गाठ इंदिराबाईंकडे. ताईबाई दोरे कापायच्या आणि मत द्यायच्या. त्या उन्हात, पत्र्याच्या छपराखाली, घामाचा थेंब कापडावर पडू नये म्हणून डोक्याला फडकी बांधून आम्ही बर्फातल्या लोकांची तोरणं भरत होतो. मशीनमागच्या भिंतीवर अशी गोल-गोल रिकामी कडी टांगलेली. शेजारच्या सुताराची बायको एकदा डोकावली आणि हळूच विचारून गेली, "कोणी गेलं का?"

ते वाक्य ताईबाईंच्या मनात बसलं.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भागाबाई निंबाच्या गावी गेल्या. खानदेशात अखाजी म्हणजे सासुरवाशिणींना माहेर आणि झोके, पण घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागरही त्याच दिवशी भरतात. माल सगळा भरून झाला होता. नुसते दोरे कापून, इस्त्री करून ठेवायचा होता, आणि किल्ली आमच्याकडे होती.

ताईबाईंनी आम्हाला बोलावलं आणि विषय मांडला. ह्या घरात, ह्याच वर्षी, भिंतभर हार आणि हारात माणूस नाही. हा अपशकुन आपल्या हातानं झालाय, तो आपणच निस्तरायला पाहिजे. शिवाय रीत काय आहे? शेजारणीची वाटी आपण कधी रिकामी परत करतो का? चिमूटभर साखर तरी घालतोच ना? मग परक्या देशात इतकी रिकामी कडी पाठवायची, हे शोभतं का?

मी शिकलेली असूनही मला हे सगळं पटलं. खरं सांगायचं तर अजूनही पटतं.

आम्ही मशीनवर बसलो. मी राघूची जोडी भरली, ती मला छान यायची. ताईबाईंनी हातशिलाईनं तुळशीवृंदावनं काढली. रुमालांवर जागा कमी, म्हणून तिथे केळीचे घड. इंदिराबाईंना अक्षरांशिवाय काही येत नव्हतं आणि अक्षरांतही एकच शब्द, तेव्हा त्यांच्या वाट्याच्या सगळ्या टेबलक्लॉथांवर 'सुस्वागतम्' आलं. हात ठणकले, पण समाधान मोठं होतं. शेवटचा रुमाल इस्त्री झाला आणि शेठचा माणूस टेम्पो घेऊन दारात हजर. माल गेला.

भागाबाई परत आल्या त्या डोक्यावर मातीची नवी घागर घेऊन. निंबानं अखाजीला दोन घागरी मांडल्या होत्या. एक बापाच्या नावाची, आणि दुसरी कोणाची ते कोणी बोलेना. भागाबाईंनी दुसरी उचलली, विहिरीवर नेऊन धुतली आणि तशीच एस.टी.त घालून आणली. "पान्याले चांगली शे," एवढंच म्हणाल्या. ती घागर त्यांनी प्यायच्या पाण्याला ठेवली.

आम्ही काय केलं ते ताईबाईंनी त्यांना मोठ्या प्रेमानं सांगितलं. ऐकून त्या खाली बसल्या. मग उठून मशीनला तेल घातलं.

मृगाच्या सुमाराला मोतीलालशेठ आले. गाठोडी तीच होती. शेठ एरवी गोडबोले, पण त्या दिवशी चहासुद्धा घेईनात. ओट्यावर एकेक टेबलक्लॉथ पसरत गेले. "हा पोपट. हा पण पोपट. ही तुळस. हे केळं. बाई, नाताळाला केळं?"

"रावेरचं केळं जगात जातं," ताईबाई म्हणाल्या.

"आणि हे काय लिहिलंय?"

"सुस्वागतम्," इंदिराबाईंनी वाचून दाखवलं.

शेठनी कपाळावर हात मारला. भागाबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि शांतपणे विचारलं, "शेठ, मधे रिकामं कशासाठी ठेवायचं असतं? ते आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

"नाव भरायला!" शेठ ओरडले. "घेणारा आपल्या घराचं नाव मधे भरून घेतो. सगळे दुकानातून विकत नेतात आणि आपापलं नाव टाकतात. काही आया तर पोरीचं लग्नसुद्धा ठरलेलं नसतं तरी घेऊन ठेवतात. जावई मिळेल तेव्हा नाव टाकतात."

"म्हणजे मधे रिकामं असलं म्हणजे कोणी मेलंय असं नाही?"

"मरेल कशाला? बाई, सण आहे!"

"नाव मागून भरायचं."

"मागून भरायचं."

भागाबाईंनी हे दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, सगळं उसवून देते, पंधरवड्यानं या.

भरलेलं उसवणं भरण्यापेक्षा कठीण. टाका उलट बाजूनं ब्लेडनं कापायचा, दोरा चिमट्यानं ओढायचा, कापडाला सुईची भोकं राहतात ती ओलं फडकं ठेवून इस्त्रीनं मिटवायची. आम्ही चौघी ओट्यावर ओळीनं बसलो. माझे राघू मीच सोलत होते. त्यांचे डोळे काढताना मला रडू आलं, कारण डोळे फार चांगले जमले होते. इंदिराबाईंचे टाके इतके दाट की निघता निघेनात. त्यांचा एक टेबलक्लॉथ तर फाटलाच. तो सोडून बाकी सगळं एकेक करून रिकामं होत गेलं.

त्या उसवण्यातच निंबा आला. डोक्याला रुमाल, काखेत वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी. तो ओट्याच्या पायरीवर बसला. आमच्यादेखत बोलावं की नाही याचा थोडा विचार केला, पण आम्ही उठत नाही हे पाहून बोलला.

"वैनी, भटजीनी दिन काढी दिधा. पितरपाटामा करी टाकू. शिरपूरवाला थांबी राह्यनात." पितरपाटा म्हणजे पितृपक्ष, आणि करायचं म्हणजे तो पुतळ्याचा विधी.

वर्तमानपत्र सोडलं. आत हिलालचा फोटो होता, जिनिंगच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणलेला, काचेच्या फ्रेममध्ये. मिशा, तेल लावलेले केस, फोटोवाल्यावर संशय असल्यासारखी नजर. आणि फ्रेमला घालायचा चंदनाच्या चकत्यांचा हार, तोही नवा. निंबानं सगळी तयारी केली होती.

आमची ब्लेडं थांबली. ताईबाईंनी माझा हात घट्ट धरला.

भागाबाईंनी फोटो मांडीवर घेतला. पदरानं काच पुसली. बारा वर्षांनी त्या नवऱ्याचं तोंड पाहत होत्या. घरात दुसरा फोटोच नव्हता. मग त्यांनी नुकतंच उसवलेलं एक कडं उचललं आणि निंबापुढे धरलं. हिरवी पानं, लाल गुंजा, मधे पांढरं कापड.

"मधमा रिकामं शे म्हनीसन मानूस मरी गया अशे नही, निंबाभाऊ. नाव भरानं बाकी शे."

"कधी भरशात?"

"ते येतीन तवय."

"आनि नही उनात ते?"

"मंग रिकामं राही. तेनं काय बिघडनं?"

भागाबाईंनी फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि हार निंबाच्या हातात परत दिला. "फोटू ठेवा," त्या म्हणाल्या, "हार लई जा."

तेव्हा तो मोठा माणूस पायरीवर बसून ढसाढसा रडला. बारा वर्षांत त्याला भावासाठी रडायची सोय नव्हती, कारण भाऊ मेला आहे असं कोणी म्हणत नव्हतं. तेवढ्यासाठीच त्याला तो विधी हवा होता, असं मला त्या वेळी वाटलं आणि आजही वाटतं. भागाबाईंनी त्याला रडू दिलं. मग नव्या घागरीतलं पाणी दिलं. ती घागर कुठली हे त्यानं ओळखलं, पण पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी तो शिरपूरला गेला. सोयरीक मोडणार हे धरूनच गेला होता. तिथल्या आबांपुढे उभा राहून म्हणाला, "मना भाऊ शे. घर नही, इतलंच." आबांनी बराच वेळ सुपारी कातरली. त्यांना निकाल हवा होता, कोणता ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "आहे ना? मग पत्रिकेत नाव टाका." तुळशीच्या लग्नानंतर सिंधूचं लग्न लागलं. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून थोरल्या काकांचं नाव सगळ्यांच्या वर, नुसतं हिलाल, अलीकडे-पलीकडे 'श्री.' नाही की 'कै.' नाही. ते वाचून निम्मा तालुका लग्नाला आला, हिलाल आलाय की काय ते बघायला. जेवणं कमी पडली.

रुखवतात एक गोल कडं होतं, काटेरिंगणीच्या पानांचं. मधे सिंधूचं आणि जावयाचं नाव. पुढच्या वर्षी चोपड्यातल्या सगळ्या पोरींना रुखवतात तेच हवं झालं, आणि नाताळ म्हणजे काय हे माहीत नसताना तालुकाभर ती तोरणं लागली. मोतीलालशेठचा माल भोकं मिटवून वेळेत गेला. इंदिराबाईंचा फाटका 'सुस्वागतम्' मी मागून घेतला. तो कितीतरी वर्षं आमच्या टीव्हीवर होता.

पुढे धुळ्यात कॉम्प्युटरच्या भरतकामाच्या मशिनी आल्या. मोतीलालशेठ यायचे बंद झाले. भागाबाईंची नजरही गेली होती. हळदीकुंकवाला मात्र त्या शेवटपर्यंत येऊन बसायच्या, आणि आता चर्चा होत नसे. हिलालचा फोटो मशीनवर टेकवलेला, बिनहाराचा. तो आला नाही. त्या कधी त्याच्याबद्दल रडल्या असतील तर आम्हाला दिसल्या नाहीत.

अठ्ठ्याण्णवच्या पौषात त्या गेल्या. सकाळी ताईबाई हाक मारायला गेल्या आणि ओरडत बाहेर आल्या. गल्ली जमली. आणि मला लाज वाटते सांगायला, पण अंघोळ घालून झाल्यावर तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. नेसवायचं काय? सवाष्णीचं हिरवं, की विधवेचं पांढरं? ओटी भरायची की नाही? बाहेर ओट्यावर पुरुषमाणसं दबक्या आवाजात बोलत होती. कोणी म्हणालं, एकवीस वर्षं झाली, आता कसली सवाष्ण. कोणी म्हणालं, विधी तर झालाच नाही. ताईबाई, आमचं धर्मशास्त्र, त्या पदर तोंडात धरून नुसत्या रडत होत्या.

तेवढ्यात निंबा आला. म्हातारा झाला होता, गुडघे गेलेले, सिंधूच्या खांद्यावर हात ठेवून तो दारापर्यंत आला. बाजारात दुकानदाराला उठवून दुकान उघडायला लावलं होतं म्हणून उशीर झाला, असं सिंधू म्हणाली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघायला लागले. निर्णय त्याचा होता. त्यानं कोणालाही काही विचारलं नाही. पिशवीतून लुगडं काढून माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "वैनीले हिरवं नेसाडा. भाऊ घर नही, इतलंच."

आम्ही त्यांना हिरवं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. लुगड्याच्या काठावर कॉम्प्युटरचं भरतकाम होतं, टाके लांब आणि दोरे न कापलेले. भागाबाईंनी ते पाहिलं असतं तर दुकानदाराच्या माहेरापर्यंत पोचल्या असत्या. मी कात्री घेतली, आणि त्यांना न्यायच्या आधी सगळे दोरे कापून दिले.